फाईल सापडली नाही

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळघरात रेकॉर्डकीपर म्हणून एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला जगात एकच शिवी लागते. ती शिवी फाईलभाऊंना त्यांच्याच घरात, त्यांच्याच कॉम्प्युटरनं, एका शनिवारी सकाळी सव्वादहा वाजता दिली. पडदा काळा झाला, मधोमध एक करडी चौकट उमटली आणि तिच्यात लिहिलं होतं: फाईल सापडली नाही.

फाईलभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वाक्य तेच होतं.

"अगं ए," त्यांनी आत हाक मारली, "हा मला म्हणतोय, फाईल सापडली नाही! मला!"

"मग शोधा की," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. बायकांना काही गोष्टींचं गांभीर्यच कळत नाही, असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

त्यांचं खरं नाव काय, ते पगारपत्रकाला ठाऊक. ऑफिसात आणि बिल्डिंगमध्ये सगळे फाईलभाऊच म्हणत, आणि त्यांनाही ते पदवीसारखं वाटे. वीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचा नळजोडणीचा अर्ज ते चार मिनिटांत काढून हातावर ठेवत. घरातही तीच शिस्त. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर क्रमांक होते. पाहुण्यांना साखर कमी वाटली तर बायकोला "सात नंबर आणते" असं म्हणावं लागे. एकतीस वर्षांत एक कागद हरवला नाही, हे वाक्य ते ओळख करून देतानाच सांगत, म्हणजे पुढे विसरायला नको.

पण कॉम्प्युटरवरचा हा सगळा खटाटोप त्यांनी स्वतःच्या हौसेसाठी मांडला नव्हता. त्याचं कारण खिडकीपाशी, घराकडे पाठ करून, खुर्चीत बसलेलं होतं. ते कारण म्हणजे फाईलभाऊंचे सासरे.

छत्तीस वर्षं मालगाडी चालवलेला माणूस. सासूबाई गेल्यावर वर्षभर एकटे राहिले, दोन महिन्यांपूर्वी लेकीकडे आले आणि आल्यापासून खिडकीबाहेर बघत बसले. चहा देऊ, बाबा? हं. पंखा लावू? हं. बरं वाटतंय ना? हं. आणि मग एके दिवशी त्यांनी एक छापील फॉर्म जावयाच्या हातात ठेवला. शहराबाहेर एक ज्येष्ठ निवास होतं, तिथल्या प्रवेशाचा.

"जावईबापू, तुम्ही कागदपत्रांतले. नीट भरलाय का बघा आणि जपून ठेवा. सोमवारी अठराला शेवटची तारीख आहे, त्या दिवशी देऊन येऊ."

"पण बाबा, इथं काही कमी पडतंय का?"

"कमी काही नाही. काम नाही. नुसतं बसायचंच तर तिथं बरं. तिथं सगळेच बसलेले असतात."

बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिनं नळ सोडला. विसळायचं भांडं एकच होतं, नळ पंधरा मिनिटं वाहिला. पाणीपुरवठ्याच्या माणसाला एरवी हे सहन झालं नसतं, पण त्या दिवशी फाईलभाऊ "बंद कर" म्हणाले नाहीत. त्यांनी फॉर्म तीनदा तपासला. एकही खाडाखोड नाही, एकही रकाना रिकामा नाही. एखादा कागद बिनचूक असल्याचं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात टीव्हीवर ताशी तीनशे किलोमीटरनं पळणारी गाडी दाखवत होते. बाबांनी मान वळवली, आणि दोन महिन्यांतलं सगळ्यात लांब वाक्य बोलले.

"पळणाऱ्या गाड्यांना वाट द्यायला मी जन्मभर बाजूच्या लाईनीत उभा राहिलो. एकदा तरी हातात मिळायला हवी होती."

एवढं बोलून ते परत खिडकीकडे वळले. पण फाईलभाऊंनी वाक्य टिपून घेतलं होतं. रविवारी सतराला बाबांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. त्या दिवशी त्यांच्या हातात तीनशेची गाडी द्यायची. हाताला काम मिळालं की कशाला जातायत सोमवारी फॉर्म द्यायला! कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा एक खेळ असतो, हे त्यांना ऑफिसातल्या टायपिस्टकडून कळलं होतं. खेळ आला, पण त्यात एकच मार्ग होता, आणि त्यावर गाडी साठाच्या वर जाईना. तीनशेचा मार्ग वेगळा मिळवावा लागणार होता.

इथं एक घोडचूक झाली. त्यांनी हा बेत बायकोला सांगितला, आणि बायकोनं आनंदाच्या भरात तो शेजारच्या शिवणक्लासवाल्या वहिनींना सांगितला. वहिनींना सांगणं म्हणजे जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं लिहिणं. दोन तासांत अख्खी बिल्डिंग "किती वाजता सुटणार गाडी?" असं विचारू लागली.

तर, तीनशेचा मार्ग. रेल्वेवेड्या लोकांची एक वेबसाईट होती. तिथं 'सांधेवाला' असं टोपणनाव घेतलेल्या कुणा गृहस्थानं चार वर्षं खपून एक अतिजलद मार्ग रचला होता आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकला होता. फक्त नाव नोंदवायचं आणि 'मार्ग कशासाठी हवा?' या रकान्यात काहीतरी लिहायचं. आता, रकाना दिसला की फाईलभाऊंच्या बोटांना आवर नसतो. त्यांनी "विषय: अतिजलद रेल्वेमार्ग मिळणेबाबत" इथपासून सुरुवात करून सासऱ्यांचा सेवाकाल, निवृत्तीचा दिनांक, वाढदिवसाची निकड असं सगळं सविस्तर मांडलं, खाली "कळावे" लिहिलं आणि आधाराला बाबांच्या ओळखपत्राची प्रतही जोडली. तीन दिवसांनी सांधेवाल्याचं उत्तर आलं: "दादा, नुसतं 'आवड' लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण अर्ज फार आवडला. मार्ग घ्या. बाबांना माझा नमस्कार सांगा."

मार्ग उतरवून घ्यायला अकरा तास लागले. बिल्डिंगचं इंटरनेट सामायिक होतं, त्यामुळे त्या दिवशी बाकी कुणाकडेच काही हलेना. पाचव्या तासाला सोसायटीचे सेक्रेटरी दारात.

"फाईलभाऊ, सकाळपासून माझा बातम्या देणारा तोंड उघडं टाकून बसलाय. काय चाललंय?"

"रेल्वेमार्ग उतरतोय."

"कुठं?"

"इथं. घरात."

सेक्रेटरींनी खोलीत नजर फिरवली आणि एवढंच म्हणाले, "सोसायटीची परवानगी घ्यायला हवी होती." संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली: 'तिसऱ्या मजल्यावर रेल्वेमार्गाचे काम सुरू असल्याने सभासदांनी सहकार्य करावे.' दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी ती वाचून गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढून आणले.

मग तो शनिवार उजाडला. फाईलभाऊंनी मार्गाचं गाठोडं सोडलं आणि त्यांच्या काळजाला घरं पडली. शेकडो फोल्डर! कशाला कशाचा मेळ नाही. झाडं पुलांच्या शेजारी, शिट्ट्या दिव्यांच्या शेजारी, नावं तर अशी की आकडे आणि अक्षरं हातातून सांडल्यासारखी. चार वर्षं खपलेल्या माणसाला आवरायला वेळ मिळाला नसेल बिचाऱ्याला, असा उदार विचार करून फाईलभाऊ कामाला लागले. दोन तासांत त्यांनी सगळं चकाचक केलं. 'एक – रूळ.' 'दोन – स्टेशने.' 'तीन – झाडे (लहान व मोठी).' 'चार – आवाज.' सारख्या दिसणाऱ्या दुबार प्रती उचलून 'रद्दी' नावाच्या फोल्डरमध्ये टाकल्या. सगळ्यात वर 'आधी हे वाचा' असा एक कागद होता, तो त्यांनी न वाचता 'किरकोळ'मध्ये लावला.

हे असं का, ते सांगायला हवं. रेकॉर्ड रूमचा एक जुना दंडक आहे: सोबतचं पत्र वाचायचं नसतं, लावायचं असतं. वाचायला साहेब असतात. एकतीस वर्षांत फाईलभाऊंनी लाखभर सोबतची पत्रं लावली होती आणि त्यातलं एकही वाचल्याचा आळ त्यांच्यावर नव्हता.

आणि एवढं निगुतीनं आवरून बटण दाबलं, तर पडद्यानं ती शिवी हासडली.

पहिला सल्ला तळमजल्यावरच्या टीव्ही मेकॅनिकचा. तो हातातला स्क्रू ड्रायव्हर घेऊनच वर आला, कॉम्प्युटरच्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरसारखा गंभीर झाला.

"तापलाय."

"पण तो म्हणतोय फाईल सापडली नाही."

"तापात काहीही बरळतो हो माणूस."

त्यानं डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं आणि टेबलफॅन पूर्ण वेगानं आत सोडला. आतली सहा वर्षांची धूळ एकदम बाहेर आली, खोलीभर फिरली आणि सावकाश बाबांच्या चहात उतरली. बाबांनी कपाकडे पाहिलं, मग जावयाकडे. "हं," ते म्हणाले. त्या एका 'हं'मध्ये लग्नाच्या वेळी मुलीसाठी आलेली बाकीची सगळी स्थळं फाईलभाऊंना ऐकू आली.

कॉम्प्युटर गार झाला. फाईल तरी सापडली नाही.

दुसरा सल्ला वहिनींचा. त्या शिवणक्लास मध्येच सोडून गळ्यात टेप अडकवून आल्या. "भाऊ, बाही उलटी बसली की आम्ही काय करतो? सगळं उसवायचं आणि पहिल्यापासून शिवायचं. तुम्हीही उसवा." सल्ला शंभर टक्के बरोबर होता, हे सांगायला वाईट वाटतं. फाईलभाऊंनी मार्ग पुसला, गाठोडं नव्यानं सोडलं, आणि नव्यानं दोन तास बसून, पहिल्यापेक्षाही काळजीपूर्वक, सगळं आवरलं. फाईल सापडली नाही. परत उसवलं, परत आवरलं. रविवार रात्रीच्या जेवणापर्यंत असं चारदा झालं. दर खेपेला मांडणी आधीपेक्षा देखणी होत होती आणि दर खेपेला तीच करडी चौकट येत होती.

"अहो, तुम्ही ते आवरताच कशाला?" बायकोनं एकदा विचारलं.

"आवरलं नाही तर सापडणार कसं?" फाईलभाऊ म्हणाले. ती सात नंबरचा डबा पुसत राहिली.

सोमवारी त्यांनी ऑफिसात पाच दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. खोटं कारण लिहिणं त्यांच्या रक्तात नाही, त्यांनी लिहिलं, "घरी अतिजलद रेल्वेमार्गाची उभारणी सुरू असल्याने." अर्ज दुपारी लाल शाईत परत आला. साहेबांची विचारणा होती: सदर मार्ग कार्यालयाच्या जलवाहिनीवरून जातो काय? जात असल्यास नकाशा जोडावा. फाईलभाऊंनी लेखी खुलासा केला की मार्ग फक्त टेबलावरून जातो. त्यावर आणखी एक विचारणा: टेबल कार्यालयाचे आहे काय? शेवटी गुरुवार-शुक्रवार अशी दोन दिवसांची रजा मिळाली, तीही 'पाण्याच्या दाबावर परिणाम होणार नाही' असं हमीपत्र दिल्यावर.

गुरुवारी ते इतके दमले होते की सगळं आवरायचं त्यांच्यानं झालं नाही. रूळ आणि स्टेशनं तशीच बेशिस्त ठेवून त्यांनी फक्त झाडं आणि आवाज तेवढे लावून घेतले. बटण दाबलं, आणि काय आश्चर्य! मार्ग उघडला! फाईलभाऊ खुर्चीतून उठलेच. "अगं, आली! गाडी आली!"

बायको पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. पडद्यावर पांढरीशुभ्र लांब नाकाची गाडी उभी होती. तिच्या पुढ्यात, दोन रुळांच्या बरोबर मधोमध, एक डेरेदार झाड होतं. त्याच्यामागे आणखी एक. नजर जाईल तिथपर्यंत रुळांवर झाडंच झाडं.

"छान सावली आहे," बायको म्हणाली. तिचं मन मोठं.

"शिट्टी वाजवून बघू," म्हणत फाईलभाऊंनी शिट्टीचं बटण दाबलं. गाडी गाईसारखी हंबरली. त्यांनी घाईघाईनं दुसरं बटण दाबलं, तर फलाटावरच्या बाई गोड आवाजात सांगू लागल्या की गाडी सुटण्यास विलंब होत आहे, आणि ते सांगायच्या काही केल्या थांबेनात. शेवटी कॉम्प्युटरची वायर उपटावी लागली. खिडकीपाशी बाबांचे खांदे किंचित हलल्यासारखे वाटले. ते हसले की खोकले, हे कळायला मार्ग नव्हता.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवार उजाडला.

वहिनींच्या कृपेनं चार वाजता खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सेक्रेटरी पहिल्या रांगेत, मेकॅनिक टेबलफॅनसह, वहिनी केकसह. केकवर साखरेचं इंजिन होतं. बायकोनं बाबांची खुर्ची खिडकीपासून ओढून कॉम्प्युटरसमोर आणली. बाबांनी हरकत घेतली नाही, पण उत्साहही दाखवला नाही. उद्या जायची बॅग त्यांनी सकाळीच भरून पलंगाखाली ठेवली होती. ती बायकोनं पाहिली होती, आणि तिनं ती पाहिल्याचं फाईलभाऊंनी पाहिलं होतं.

"तर बाबा," फाईलभाऊ म्हणाले, "ऐंशीव्या वाढदिवशी तुमच्या हाती… ताशी तीनशे!"

सकाळीच त्यांनी शेवटचा हात म्हणून सगळंच्या सगळं नव्यानं आवरलं होतं. खास दिवस होता ना. त्यांनी बटण दाबलं.

फाईल सापडली नाही.

मेकॅनिकनं फॅन सुरू केला, त्यामुळे केकवरच्या मेणबत्त्या विझल्या. सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, "मी म्हणत होतो, परवानगी…" फाईलभाऊ पडद्याकडे बघत उभे राहिले. चारचौघांत नाक कापलं गेलं त्याचं एवढं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर पलंगाखालची बॅग होती.

"चुकलं माझं, बाबा," ते म्हणाले. "मला वाटलं होतं जमेल. नाही जमलं."

बाबा त्या करड्या चौकटीकडे बघत होते. मग ते बोलले, आणि आवाज निराळाच होता. ड्युटीवर बोलायचा आवाज.

"कागद कुठाय?"

"कोणता कागद, बाबा?"

"नव्या मार्गावर गाडी घालायच्या आधी सूचनापत्र देतात. ते वाचायचं, सही करायची, मग इंजिनाला हात लावायचा. छत्तीस वर्षांत सहीशिवाय मला कुणी चढू दिलं नाही. ज्यानं मार्ग बांधला त्यानं कागद दिला असेलच. कुठाय तो?"

फाईलभाऊंचा चेहरा उतरला. "आहे," ते बारीक आवाजात म्हणाले. "किरकोळमध्ये लावलाय."

"काढा."

चार मिनिटं लागली नाहीत. पाऊण मिनिटात कागद पडद्यावर होता. बाबांनी चष्मा चढवला आणि पहिला मुद्दा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला: "फोल्डरांची नावे बदलू नयेत. जागा हलवू नयेत. दुबार वाटणाऱ्या फाईली दुबार नाहीत. याआधीच कुणी हे आवरून ठेवले असल्यास, तो माणूस नीटनेटका आहे, त्याला रागावू नये. गाठोडे नव्याने सोडावे आणि हात खिशात ठेवावेत."

खोलीत पहिल्यांदा वहिनी हसल्या, मग मेकॅनिक, मग सेक्रेटरीसुद्धा. बायकोनं पदर तोंडाला लावला. आणि बाबा… बाबा हसले! खोकला नव्हता, हसणंच होतं ते, पोट हलवणारं. फाईलभाऊंना आपली फजिती इतकी गोड कधी लागली नव्हती.

"हसता काय," बाबा डोळे पुसत म्हणाले. "बसा सगळे. मला पुढचं वाचू द्या."

आणि त्यांनी वाचलं. चौदाच्या चौदा मुद्दे, सावकाश, बोट ठेवून. केक वाट बघत राहिला. वाचून झाल्यावर त्यांनी पेन मागितलं, फाईलभाऊंनी कागद छापून आणला, बाबांनी खाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली. मग पेन जावयापुढे धरलं. "तुम्हीही करा. मार्ग तुमच्या ताब्यात आहे." फाईलभाऊंनी सही केली. एकतीस वर्षांत वाचून केलेली ती पहिलीच.

गाठोडं नव्यानं सोडलं. तेवढा वेळ फाईलभाऊ खरोखरच दोन्ही हात खिशात घालून उभे होते, आणि 'झाडे' 'पुलां'च्या शेजारी जाऊन बसताना बघून त्यांच्या बोटांना काय यातना झाल्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक. बटण बाबांनीच दाबलं.

स्टेशन आलं. फलाट आला. रूळ आले, मोकळे, चकचकीत, आणि झाडं सगळी शहाण्यासारखी कडेला. बाबांनी शिट्टी दिली. शिट्टीच वाजली.

गाडी हलली. साठ, शंभर, दीडशे. बाबांचे हात कीबोर्डवर नुसते टेकले होते, पण खांदे सरळ झाले होते. दोनशे. वहिनींनी बायकोचा हात धरला. अडीचशे. मेकॅनिकनं न सांगता फॅन वाढवला. आणि मग तो आकडा लागला. तीनशे! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, सेक्रेटरी उठून उभे राहिले. बाबा पुढं बघत म्हणाले, "रूळ चांगले बसवलेत, जावईबापू." रूळ सांधेवाल्यानं बसवले होते, पण एवढ्या वर्षांनी आलेली शाबासकी कुणी पत्ता बघून परत पाठवतं का? फाईलभाऊंनी ती ठेवून घेतली.

दहा मिनिटांनी एक जंक्शन आलं. तिथं जुनी लाईन येऊन मिळत होती आणि पुढं दोघींना एकच रूळ होता. बाजूच्या लाईनीत एक तपकिरी मालगाडी लाल सिग्नलपाशी उभी होती. बाबांना हिरवा होता. ती त्यांच्यासाठीच थांबली होती, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

बाबांनी ब्रेक लावला.

"अहो बाबा, हिरवा आहे!" सेक्रेटरी ओरडले.

"दिसतोय."

गाडी फलाटाला लागली आणि उभी राहिली. पडद्यावर अक्षरं आली: उशीर, एक मिनिट. मग दोन मिनिटं. "हँग झाला!" म्हणत मेकॅनिक झेपावला. बाबांनी त्याला हातानंच थांबवलं.

"हँग नाही. मी उभी केलीय. अकरावा मुद्दा वाचला नाही कुणी? जलद गाडी पाच मिनिटांहून जास्त थांबली तर मालगाडीला आधी सोडतात."

सगळ्यांनी मिळून एका उभ्या गाडीकडे बघत पाच मिनिटं काढली. सहाव्या मिनिटाला मालगाडीचा सिग्नल पिवळा झाला. एक झटका बसला आणि ती खडखडत निघाली. बाबा ओठांतल्या ओठांत डबे मोजत होते. शेवटचा डबा पुढं गेला तशी त्यांनी एक लांब शिट्टी दिली.

"बेचाळीस," ते म्हणाले. "आज तो घरी वेळेवर जेवायला जाईल."

बाबांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. बायको त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. फाईलभाऊंनाही चष्मा पुसावा लागला. प्रवास संपल्यावर पडद्यावर निकाल आला: एकोणीस मिनिटे उशीर, गुण शून्य. खोलीत पुन्हा टाळ्या झाल्या, आणि या टाळ्या तीनशेच्या टाळ्यांपेक्षा जास्त वेळ वाजल्या.

केक संपला, माणसं पांगली. बायको भांडी घेऊन आत गेली. बाबा अजून कॉम्प्युटरसमोरच बसले होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "उद्या अठरा. तो फॉर्म काढता ना?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

फाईलभाऊ उठले. फॉर्म कुठं आहे, हे त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं: कपाट दोन, कप्पा तीन, निळी फाईल, वरून चौथा कागद. त्यांनी कपाट उघडलं. निळी फाईल काढली. वरून चौथा कागद बघितला. त्याच्यावर बोट ठेवलं. मग फाईल मिटली, परत जागेवर ठेवली, कपाट लावलं आणि बाहेर आले. त्यांचे कान लाल झाले होते.

"बाबा," ते म्हणाले, "फाईल… सापडली नाही."

बाबांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. "एकतीस वर्षांत एक कागद हरवला नाही, म्हणता ना?"

"हा पहिलाच."

बाबांनी मान हलवली. "तुम्ही नीट आवरून ठेवला असणार. मग तो कसला सापडतोय."

आत नळ सुरू झाला. एक मिनिट वाहिला, दोन मिनिटं वाहिला.

"अगं, नळ!" फाईलभाऊ ओरडले. "पाणी वाया जातंय!"

बाबांनी उठून पायानं पलंगाखालची बॅग आणखी आत सरकवली. "उद्या दहाची ड्युटी लावा," ते म्हणाले. "मालगाडी. बेचाळीस डबे. आणि जावईबापू, मी येईपर्यंत हात खिशात ठेवा."